लेन्स एक, कामे अनेक : शाळेच्या कॅमेऱ्यासाठी झूम लेन्सची निवड

कॅमेरा ही वस्तू आता शाळांना नवी राहिलेली नाही. कुठे माजी विद्यार्थ्यांनी भेट म्हणून दिलेला, कुठे एखाद्या शिक्षकाचा स्वतःचा, असा एखादा डिजिटल एसएलआर कॅमेरा अनेक शाळांच्या कपाटात असतो. स्नेहसंमेलन, क्रीडादिन आणि निरोपसमारंभ एवढ्यापुरताच तो बाहेर निघतो. विज्ञानमंडळाच्या सहलीला मात्र मोबाइलवरच भागवले जाते. कारण विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : "त्याच्यावरच्या लेन्सने लांबचे काही नीट येत नाही." मग चांगली लेन्स घ्यायचे ठरते आणि दुकानात गेल्यावर गोंधळ उडतो. १८–५५, १८–१४०, ५५–२५०, १८–४०० अशा आकड्यांच्या जोड्या समोर येतात. आकडा जितका मोठा तितकी लेन्स चांगली, असे विक्रेता सुचवतो. शाळेला तर एकदाच खर्च करायचा असतो.

हे आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत, आणि आपल्या शाळेला कोणती झूम लेन्स उपयोगी पडेल हे कसे ठरवावे, याचा विचार या लेखात करू. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र दहावीच्या 'भिंगे व त्यांचे उपयोग' या प्रकरणापलीकडचे नाही. उदाहरणे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली घेतली आहेत, कारण या दोन जिल्ह्यांत लेन्सची परीक्षा पाहणारे जवळजवळ सर्व प्रकारचे विषय सापडतात.

तीन ठिकाणे, तीन अंतरे

पहिले ठिकाण कासचे पठार. सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, १२०० मीटरच्या आसपास उंचीवर हा सडा पसरला आहे. खाली जांभा खडक आणि त्यावर जेमतेम काही सेंटिमीटर मातीचा थर. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या थरावर सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद, तेरडा, सोनकी अशा वनस्पती फुलतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यात कास आहे. इथली बरीच फुले सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लहान आहेत. फोटो घेण्यासाठी माणूस पायवाट सोडून आत शिरला आणि गुडघे टेकून बसला, की त्याच्या गुडघ्याखाली जे चिरडते त्यात कदाचित फोटो घ्यायच्या फुलाचीच भावंडे असतात. पातळ मातीचा थर एकदा दाबला गेला की तो लवकर पूर्ववत होत नाही.

दुसरे ठिकाण सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य. देवराष्ट्रे गावाजवळच्या उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले हे वन. येथे चितळ आणि सांबर आहेत. ते माणसाला ठराविक अंतरापर्यंतच जवळ येऊ देतात. त्यापुढे एक पाऊल टाकले की पळतात. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर कधी रोहित पक्षी उतरतात. त्यांचीही तीच गोष्ट.

तिसरे ठिकाण सांगलीचा आयर्विन पूल. १९२९ सालचा हा पूल कृष्णेच्या पुराची मोजपट्टीच आहे. येथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पुराची नोंद ठेवणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प आहे. पण ती नोंद पाण्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे राहूनच घ्यायला हवी.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आपण कुठे उभे राहायचे हे लेन्स ठरवत नाही. ते कासची माती ठरवते, सागरेश्वरचे सांबर ठरवते, कृष्णेचे पाणी ठरवते. त्या जागेवरून पुरेसे तपशील देणारी लेन्स हीच आपल्यासाठी योग्य लेन्स. ही कसोटी मनात ठेवली की पुढची निवड बरीचशी आकडेमोडीने करता येते.

मिलिमीटरचा अर्थ

या लेखात काचेच्या एकेका घटकाला 'भिंग' म्हणू आणि अनेक भिंगे नळीत बसवून तयार केलेल्या जुळणीला 'लेन्स'. लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा म्हणजे त्या जुळणीचे नाभीय अंतर. वस्तू बरीच दूर असेल तर

प्रतिमेची उंची = वस्तूची उंची × नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर

हे सूत्र पुरेसे अचूक आहे. बहुतेक डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांत प्रतिमा जिथे पडते तो संवेदक सुमारे २४ मिमी रुंद व १६ मिमी उंच असतो. त्यावर आडवे ६००० आणि उभे ४००० प्रकाशबिंदू असतील, तर दर मिलिमीटरमागे २५० बिंदू पडतात. (फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी होती. संवेदक तिच्या दीडपट लहान आहे. म्हणून येथे ५० मिमीची लेन्स फिल्मच्या कॅमेऱ्यावरील ७५ मिमी लेन्सइतकाच अरुंद देखावा टिपते.)

आता गणित करून पाहू. खांद्यापाशी १.४ मीटर उंच असलेले सांबर ५० मीटरवर उभे आहे. ५५ मिमीवर त्याची प्रतिमा दीड मिलिमीटर, म्हणजे चौकटीच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी येईल. १४० मिमीवर ती ३.९ मिमी, चौकटीच्या एकचतुर्थांश होईल. २५० मिमीवर ७ मिमी, म्हणजे जवळजवळ अर्धी चौकट भरेल. मायणीला १०० मीटरवर उभा असलेला १.३ मीटर उंचीचा रोहित २५० मिमीवर सव्वातीन मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ८०० बिंदूंचा दिसेल. चोचीचा बाक आणि पायांचा रंग ओळखायला एवढे पुरेसे आहे.

पुलाचे उदाहरण घ्या. समजा, मोजपट्टीवरचा अंक १० सेंमी उंच आहे आणि आपण ६० मीटरवर उभे आहोत. २५० मिमीवर त्या अंकाच्या उंचीत सुमारे १०० बिंदू येतात. अंक सहज वाचता येतो. ५५ मिमीवर २३ बिंदू येतात. कष्टाने वाचता येईल. १८ मिमीवर सात-आठ बिंदू. वाचता येणार नाही.

मग १८ मिमी कशासाठी? उलट गणित करा. ८ मीटर रुंद रांगेत उभ्या असलेल्या वर्गाचा फोटो घ्यायचा आहे. १८ मिमीवर ६ मीटर मागे उभे राहिले की पुरते. ५५ मिमीवर १८ मीटर मागे जावे लागेल, आणि सभागृहाची भिंत त्याआधीच आडवी येईल. कासवरचा फुलांचा गालिचा, अजिंक्यताऱ्यावरून दिसणारे सातारा शहर, पुरात बुडालेला नदीकाठ, असे मोठे देखावे टिपण्याचे काम लहान नाभीय अंतराचे. एकाच लेन्समध्ये ही दोन्ही टोके असावीत, या इच्छेतूनच झूम लेन्स जन्माला आली.

झूम होते म्हणजे काय होते?

एका भिंगाचे नाभीय अंतर बदलता येत नाही. पण दोन भिंगांच्या जुळणीचे बदलता येते. f₁ व f₂ नाभीय अंतराची दोन भिंगे d अंतरावर ठेवली तर जुळणीचे नाभीय अंतर f पुढील सूत्राने मिळते.

१/f = १/f₁ + १/f₂ − d/(f₁ × f₂)

शाळेच्या प्रयोगशाळेतले १० सेंमीचे एक बहिर्वक्र आणि १० सेंमीचेच एक अंतर्वक्र भिंग घ्या. पहिल्याचे f₁ = +१० आणि दुसऱ्याचे f₂ = −१०. पहिली दोन पदे एकमेकांना छेद देतात आणि उरते f = १००/d. किती सोपे! भिंगांतील अंतर २ सेंमी असेल तर जुळणीचे नाभीय अंतर ५० सेंमी, ४ सेंमी असेल तर २५ सेंमी, ५ सेंमी असेल तर २० सेंमी. बहिर्वक्र भिंग खिडकीच्या बाजूला आणि अंतर्वक्र त्यामागे ठेवून दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर घ्या. भिंगांतील अंतर बदलले की प्रतिमा लहानमोठी होते. हीच झूम.

या प्रयोगात आणखी दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, अंतर बदलल्यावर कागदही हलवावा लागतो. वरील तीन स्थितींत अंतर्वक्र भिंगामागे अनुक्रमे ४०, १५ आणि १० सेंमीवर प्रतिमा मिळते. कॅमेऱ्यात संवेदक हलवता येत नाही. म्हणून झूम लेन्समध्ये भिंगांचे आणखी गट घालून आणि ते वेगवेगळ्या प्रमाणात सरकवून प्रतिमा एकाच जागी ठेवली जाते. दुसरी गोष्ट, २५ सेंमी नाभीय अंतराच्या स्थितीत पहिल्या भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर केवळ १९ सेंमी भरते. दूरचे टिपणारी लेन्स तिच्या नाभीय अंतरापेक्षा आखूड का असू शकते, याचे उत्तर इथे आहे.

३५ मिमी फिल्मच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली आली. तिचे नाव झूमार आणि पल्ला ३६ ते ८२ मिमी, म्हणजे सव्वादोन पट. २००५ साली निकॉनने १८–२०० मिमी, म्हणजे अकरा पट पल्ल्याची लेन्स आणली. २०१७ साली टॅमरॉनची १८–४०० मिमी आली, तिचा पल्ला बावीस पट. हा प्रवास थक्क करणारा आहे. पण निसर्गात काहीच फुकट मिळत नाही. या पल्ल्याची किंमत कुठे मोजली जाते ते पाहू.

पहिली किंमत : प्रकाश

लेन्सवर १:३.५–५.६ किंवा १:३.५–६.३ असे आकडे असतात. तो एफ-क्रमांक. नाभीय अंतराला लेन्सच्या प्रकाश घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. प्रतिमेवर पडणारा प्रकाश एफ-क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एफ/३.५ पेक्षा एफ/६.३ वर सुमारे सव्वातीन पट कमी प्रकाश मिळतो.

मग लांबच्या टोकालाही छिद्र मोठे का ठेवत नाहीत? २०० मिमीवर एफ/५.६ साठी ३६ मिमी व्यासाचे छिद्र लागते, एफ/२.८ साठी ७१ मिमीचे. काचेचा व्यास दुप्पट झाला की वजन आणि किंमत किती वाढेल याची कल्पना करता येईल. अशा लेन्स असतात. त्या शाळेच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत.

कमी प्रकाशाचा त्रास सागरेश्वरला संध्याकाळी जाणवतो. हात स्थिर ठेवून २५० मिमीवर फोटो घ्यायचा तर पडदा सेकंदाच्या सुमारे १/४०० भागातच उघडून मिटावा, असा ढोबळ नियम आहे. झाडीतल्या सावलीत तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश मिळत नाही. अलीकडच्या लेन्समध्ये हाताचा कंप भरून काढणारी यंत्रणा असते आणि ती खरोखर उपयोगी आहे. मात्र ती हाताचा कंप भरून काढते, वस्तूची हालचाल नव्हे. मान वळवणारे सांबर किंवा कासच्या वाऱ्यात डोलणारे फूल तिच्यामुळे स्थिर होत नाही. तिथे उपाय एकच : संवेदकाची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओचा आकडा, वाढवणे आणि थोडा रवाळपणा सहन करणे.

दुसरी किंमत : प्रतिमेचा खरेपणा

प्रत्येक भिंगात दोष असतात. तांबड्या आणि जांभळ्या प्रकाशासाठी नाभीय अंतर किंचित वेगळे असते, त्यामुळे कडांना रंगीत झालर येते. सरळ रेषा लहान टोकाला बाहेर फुगतात, मोठ्या टोकाला आत ओढल्या जातात. निरनिराळ्या प्रकारची काच वापरून एका नाभीय अंतरासाठी हे दोष बरेचसे घालवता येतात. तीन पट पल्ल्यात ते सर्वत्र आटोक्यात ठेवणे जमते. अकरा पट पल्ल्यात तडजोड करावी लागते, बावीस पट पल्ल्यात ती आणखी मोठी असते. स्नेहसंमेलनाच्या फोटोत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण आलेखकागदावर पान ठेवून फोटोवरून त्याचे क्षेत्रफळ काढायचे असेल, तर वाकलेल्या रेषा थेट उत्तरात चूक आणतात. अशा कामाला पल्ल्याचे टोक टाळावे आणि मधले नाभीय अंतर वापरावे.

तिसरी किंमत : जवळचे अंतर

ही बाब जाहिरातीत क्वचितच सांगितली जाते, म्हणून तिच्याजवळ जरा थांबू. भिंगाच्या सूत्रावरून असे दाखवता येते की वर्धन m असेल तर वस्तू आणि प्रतिमा यांच्यातील एकूण अंतर

D = f × (२ + m + १/m)

इतके असते. हे अंतर कधीही ४f पेक्षा कमी होऊ शकत नाही. ते सिद्ध करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. आता निकॉनची १८–२०० मिमी लेन्स पाहा. ती ५० सेंमी अंतरावरील वस्तूची स्पष्ट प्रतिमा देते, असे तिच्या माहितीपत्रकात असते. नाभीय अंतर खरोखर २०० मिमी असेल तर ४f म्हणजे ८० सेंमी. मग ५० सेंमीवर प्रतिमा मिळेलच कशी?

माहितीपत्रकात खोटे काही नाही. २०० हा आकडा दूरच्या वस्तूसाठी आहे. जवळची वस्तू स्पष्ट करताना आतील गट असे सरकतात की नाभीय अंतरच घटते. या लेन्सचे सर्वाधिक वर्धन ०.२२ आहे. D = ५०० मिमी घालून गणित केले तर f सुमारे ७४ मिमी निघते. (लेन्स जाड असल्याने हे उत्तर अंदाजाचे आहे.) त्याच पद्धतीने टॅमरॉनची १८–४०० मिमी लेन्स तिच्या सर्वांत जवळच्या अंतराला सुमारे ८६ मिमीची उरते. फुलापाशी पोचेपर्यंत '४००' मधले तीनशेहून अधिक मिलिमीटर गळून गेलेले असतात!

तेव्हा फुले आणि कीटक यांच्यासाठी लेन्स निवडताना मिलिमीटर पाहू नयेत. सर्वाधिक वर्धन आणि सर्वांत जवळचे अंतर हे दोन आकडे पाहावेत. पुढील तक्त्यात काही प्रचलित लेन्सचे हे आकडे दिले आहेत. शेवटच्या रकान्यात १ सेंमी रुंदीचे फूल किती बिंदूंत मावेल ते वरच्या हिशोबाने (१ मिमी = २५० बिंदू) काढले आहे.

लेन्स | सर्वांत जवळचे अंतर | सर्वाधिक वर्धन | १ सेंमी फुलाचे बिंदू
कॅनन १८–५५ (एसटीएम) | २५ सेंमी | ०.३६ | ९००
निकॉन १८–१४० | ४५ सेंमी | ०.२३ | ५७५
निकॉन १८–२०० | ५० सेंमी | ०.२२ | ५५०
कॅनन ५५–२५० (एसटीएम) | ८५ सेंमी | ०.२९ | ७२५
टॅमरॉन १८–४०० | ४५ सेंमी | ०.३४ | ८५०

हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नव्हे, तर संवेदकापासून मोजलेले असते. संवेदकाची जागा दाखवण्यासाठी कॅमेऱ्यावर रेघेने छेदलेल्या वर्तुळाची खूण असते. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली, तर १८–५५ चे तोंड फुलापासून वीतभरही दूर उरत नाही. स्वतःची सावली फुलावर पडते, गुडघे सड्यावर टेकतात. ५५–२५० ही स्वस्त लेन्स मात्र फुलापासून अर्ध्या मीटरहून अधिक अंतर राखून ७२५ बिंदू देते. सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पतीच्या निळसर फुलाच्या पाकळ्या आणि मागचे शेपटीसारखे टोक स्पष्ट दिसायला ते पुरेसे आहे. कडेला फुललेले फूल पायवाटेवरूनच टिपता येते. फूल तोडावे लागत नाही, काही तुडवावे लागत नाही, आणि वर्गात पडद्यावर चाळीस विद्यार्थी ते एकाच वेळी पाहू शकतात.

दूर राहिल्याने फोटोची खोली कमी होत नाही का, असा प्रश्न कोणी विचारेल. वर्धन आणि एफ-क्रमांक तेच ठेवले तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोलीही जवळजवळ तेवढीच राहते. लेन्स लांबची असो की जवळची. खोली वाढवण्यासाठी छिद्र लहान करावे, पण अति नको. विवर्तनामुळे एका बिंदूची प्रतिमा ठिपका होते. त्याचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉन असतो, तर एफ/२२ ला ३० मायक्रॉन. आपल्या संवेदकाचा एक प्रकाशबिंदू ४ मायक्रॉनचा आहे. म्हणजे एफ/२२ ला सगळेच थोडे पुसट होते. फुलांसाठी एफ/८ ते एफ/११ हा मध्यममार्ग बरा.

तर मग कोणती घ्यावी?

सर्व शाळांना एकच उत्तर देता येणार नाही. पण तीन परिस्थिती वेगळ्या करता येतात.

१) एकच लेन्स घ्यायची आहे आणि कामे मुख्यतः शाळेतली आहेत : समारंभ, प्रयोग, सहली, कधीतरी पुराची नोंद. अशा शाळेने १८–१३५ किंवा १८–१४० मिमीची लेन्स घ्यावी. सात-आठ पट पल्ल्यातील तडजोड सौम्य असते, वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. सांबर चौकटीच्या पाव भागात येईल, पण ओळखता येईल.

२) विज्ञानमंडळ नियमितपणे निसर्गनिरीक्षण करते. अशा शाळेने १८–५५ आणि ५५–२५० अशी जोडी घ्यावी. १८–५५ बहुधा कॅमेऱ्याबरोबरच आलेली असते, त्यामुळे खर्च एकाच लेन्सचा होतो. दोन्हींचे मिळून वजन सुमारे ६०० ग्रॅम भरते, तर एकट्या १८–४०० चे सुमारे ७०० ग्रॅम. लांबच्या टोकाला प्रतिमाही जास्त स्वच्छ मिळते.

३) १८–२०० किंवा १८–४०० सारखी एकच लांब पल्ल्याची लेन्स. तिच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे : ती बदलावी लागत नाही. कासच्या धुक्यात, भुरभुर पावसात लेन्स काढून दुसरी लावणे म्हणजे कॅमेऱ्याच्या आत पाणी आणि धूळ यांना आमंत्रण. एकटेच शिक्षक, सोबत चाळीस मुले आणि एका क्षणी फूल तर दुसऱ्या क्षणी गरुड, अशी स्थिती असेल तर ही सोय मोलाची ठरते. मात्र तिची किंमत जास्त असते आणि वर सांगितलेल्या तिन्ही तडजोडी स्वीकाराव्या लागतात. माझ्या मते शाळेसाठी दुसरा पर्याय सरस आहे. कासला जाताना गाडीतच ५५–२५० लावावी आणि दिवसभर तीच ठेवावी. गालिच्याचा रुंद देखावा मोबाइलने टिपावा. त्या कामात तो मुळीच कमी पडत नाही.

जुनी लेन्स घेताना

गेल्या काही वर्षांत कॅनन आणि निकॉन या मोठ्या कंपन्यांनी आपले लक्ष आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळवले आहे. त्यामुळे डिजिटल एसएलआरच्या वापरलेल्या लेन्स बाजारात बऱ्याच येतात. शाळेसाठी ही संधी आहे. पण तपासून घ्यावे. लेन्स आपल्या कॅमेऱ्याच्या जोडणीची आहे ना, आणि त्या कॅमेऱ्यावर ती आपोआप स्पष्ट प्रतिमा जुळवते ना, हे आधी पाहावे. मग लेन्सच्या एका बाजूने विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. साताऱ्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यातील दमट हवेत ती सहज वाढते आणि काचेवरचा लेप कायमचा खराब करते. अशी लेन्स घेऊ नये.

घेतलेल्या लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ती चामड्याच्या पिशवीत बंद करून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात ठेवावी. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येते. हे रसायन प्रयोगशाळेत असतेच.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१) भिंतीवर वर्तमानपत्राचे पूर्ण उघडलेले पान सपाट चिकटवा. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पल्ल्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एकेक फोटो घ्या. मधली आणि कोपऱ्यांतली अक्षरे सारखीच स्पष्ट आहेत का? पानाच्या कडा सरळ आहेत का? लेन्स विकत घेण्यापूर्वी हीच चाचणी दुकानात करता येते.

२) पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो घ्या. चंद्राचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश आहे, म्हणून त्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या सुमारे ११० व्या भागाएवढी येते. संगणकावर चंद्राच्या व्यासातील बिंदू मोजा, त्यावरून मिलिमीटर काढा आणि लेन्सचे खरे नाभीय अंतर शोधा. लेन्सवर लिहिलेल्या आकड्याशी ते किती जुळते?

३) आपल्या गावाच्या परिसरात टिपण्याजोग्या दहा विषयांची यादी करा. प्रत्येकाचा आकार आणि सुरक्षित अंतर अंदाजाने किंवा मोजून लिहा. प्रतिमा चौकटीच्या निदान एकचतुर्थांश उंचीची, म्हणजे ४ मिमी, यावी यासाठी किती नाभीय अंतर लागेल ते काढा. दहांपैकी सात-आठ उत्तरे ज्या पल्ल्यात बसतील तो आपल्या शाळेच्या लेन्सचा पल्ला.

तिसरा उपक्रम आधी करावा आणि दुकानात नंतर जावे. कुठल्या विषयाच्या किती जवळ जायचे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवून कागदावर लिहिले, की सहलीत पायवाट सोडू नका असे त्यांना वारंवार बजावावे लागत नाही.